काळ्याची कबुली

सुकेशनीचा संदेश आला तेव्हा मी सोयाबीनचे अंकुर मोजत होतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे आठ दिवस ठेवायचे, मग गुंडाळी उलगडायची आणि सरळ उगवलेले किती, वाकडे किती, कुजलेले किती ते तक्त्यात लिहायचे. परभणीतल्या एका बियाणे प्रयोगशाळेत चार वर्षे मी हेच करतो आहे, दर अकरा महिन्यांनी नव्याने कंत्राटावर सही करून. बासष्टाव्या दाण्यापाशी खिशातला फोन थरथरला. ‘सर, रविवारचा आपला डाव परत मांडून पाहिला. तुम्ही सोडला तेव्हा तुम्ही हरलेले नव्हतात. हत्ती माझ्या राजाला भिडवून शह द्यायचा होता. मी घेतला असता तर तुमच्याकडे चालच उरत नव्हती, म्हणजे बरोबरी. मी तर त्याच चालीला घाबरून बसले होते.’ मी फोन पालथा ठेवला आणि पुन्हा मोजू लागलो, परंतु एकसष्ट झाले होते की बासष्ट हे आता सांगता येईना. समोरच्या ओल्या कागदावर ते पांढुरके, मान मुडपलेले कोंब होते आणि त्यांतल्या प्रत्येकाने आपली मोजणी झाली आहे असे भासवावे तसे ते निश्चल पडले होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

सुकेशनी जिंतूरच्या एका शाळेत गणित शिकवते. त्या रविवारी शहरातल्या एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची एकदिवसीय स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत ती माझ्यासमोर आली, पांढरी मोहरी तिची, काळी माझी. मला काळी आली की बरे वाटते. पहिली चाल दुसऱ्याची असते, आपण फक्त उत्तर द्यायचे. चाळीस चालींनंतर माझा राजा पटाच्या कोपऱ्यात होता. त्याच्याभोवतीची तिन्ही घरे तिच्या वजिराच्या धाकाखाली होती. माझे एकमेव प्यादे तिच्या प्याद्याला डोके टेकून अडलेले होते. उरला होता एक हत्ती, आणि तोही त्याच वजिराच्या तिरप्या माऱ्यात. पुढच्या चालीला मात होती. माझ्या घड्याळात अकरा मिनिटे शिल्लक होती. मला आठवते, कारण ती मला फार वाटली, एवढ्या वेळाचे काय करायचे हे कळेना. मी घड्याळ थांबवले आणि हात पुढे केला. ती हातात हात न देता क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. “सोडायलाय का सर?” ती म्हणाली. “बघा की अजून. गाडीला लय वेळ हाय माझ्या.” मी हसलो आणि हात तसाच ठेवला. मग तिने तो घेतला. तिचा तळवा घामाने ओला होता. विजयाच्या उत्साहाचा तो घाम असावा, असे मी समजलो होतो.

शनिवारी दुपारी वसमत रस्त्यावरच्या माझ्या खोलीत मी तो डाव मांडला. फोनमध्ये यंत्राकडून विश्लेषण करून घेता येते. मी करून घेतले. एकोणचाळीस चालींपर्यंत यंत्र माझ्या बाजूची काळी पट्टी हळूहळू आखडत नेत होते, आणि अखेरच्या स्थितीत, जिथे मी उठलो होतो, तिथे एकदम शून्य आले. शून्य म्हणजे दोघेही समान. मी तो आकडा पुष्कळ वेळ पाहत बसलो. खालच्या गल्लीत कुणीतरी ऑटोरिक्षा चालू करण्याचा प्रयत्न करीत होते. ती धडपडायची, खोकायची, बंद पडायची. हत्ती चौथ्या ओळीतून दुसऱ्या ओळीत, तिच्या राजाच्या अगदी शेजारी. तिने घेतला, तर माझा राजा शहात नाही आणि त्याला हलायला घरही नाही, प्याद्यालाही नाही, सबब डाव बरोबरीत. नाही घेतला, तर हत्ती पुन्हा शेजारी जाऊन शह देणार, पुन्हा, पुन्हा, एखाद्या चिवट मागतकऱ्यासारखा, आणि तिचा राजा चार घरांत फिरत राहणार. हे पाहायला विलक्षण बुद्धी लागत नाही. शाळकरी मुलेही शोधतात. मी ते पाहिले नाही असेही म्हणता येत नाही. हात पुढे करण्यापूर्वी माझी नजर त्या घरावरून एकदा गेली होती, हत्ती तिथे मारला जाईल आणि मग माझा राजा पूर्ण कोंडला जाईल एवढे मी पाहिले होते, आणि तिथेच थांबलो होतो. राजा कोंडला जाईल. यापुढे काही पाहायचे असते हे माझ्या मनात आले नाही. कारण आमच्या घरी यापुढे काही नसे.

आमच्या घरी, म्हणजे पोखर्णीला, बुद्धिबळ म्हणजे बाबांचे बुद्धिबळ. ते त्यांना निजामाच्या काळात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्या जमादाराने शिकवले होते आणि त्याचे कायदे बाबांनी घरच्या जमिनीसारखे जसेच्या तसे राखले होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. पांढरी मोहरी वडीलधाऱ्याची, काळी धाकट्याची. मला समजू लागल्यापासून मी काळ्याकडेच बसलो. राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, याला ते जिच म्हणत, आणि जिच ज्याच्यावर पडली तो हरला. “कोंडला त्यो हरला,” ते म्हणत. “कोंडून घेतलंस कशाला?” आणि डाव संपला की कबुली. हरणाऱ्याने मोहरी मागे मागे नेत, जिथे आपण खरे हरलो त्या चालीपर्यंत न्यायची, त्या घरावर बोट ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ‘इथं हरलो’. जिंकणाऱ्याने काही बोलायचे नाही. बोट चुकीच्या घरावर असेल तर बाबा फक्त आडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे; बरोबर घरावर आले की कातरणे थांबायचे. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून माझ्या बोटाने त्या थांबण्याचा शोध घेतला आहे. पट कापडी होता, मायने उशीच्या जुन्या अभ्र्याचे पांढरे आणि लुगड्याच्या काठाचे तांबडे चौकोन जोडून शिवलेला. शहाबादी फरशीवर तो नीट पसरावा लागे, सुरकुती राहिली की घोडे कलंडत. अजूनही कुठे चूक केली तर मला प्रथम सुपारीचा तो कट्-कट् आवाज ऐकू येतो, आणि बरोबर काय हे समजण्याआधी तो थांबावा असे वाटते.

बारावीनंतर मला पुण्याला गणित शिकायला जायचे होते. हे मी बाबांना सांगितले तेव्हा माझा आवाज इतका खाली होता की, त्यांनी दोनदा ‘काय?’ विचारले होते. मग ते म्हणाले, “मांड.” मी मांडला. “हरला न्हाईस तर जा,” ते म्हणाले. जिंकायची अट नव्हती. तो डाव मी माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला खेळलो. संध्याकाळचे ऊन उंबऱ्यातून पटाच्या काठापर्यंत आले होते, आणि मी एकेक मोहरे गमावत, एकेक मोहरे मारत, शेवटी एका कोपऱ्यात आलो. बाबांनी वजीर उचलला आणि ठेवला. शह नव्हता. मी राजा उचलू गेलो, आणि त्याला ठेवायला घर नव्हते. “कोंडला,” बाबा म्हणाले. एवढेच. ‘हरलास’ असे ते त्या दिवशी म्हणालेही नसावेत. मी कबुली दिली, मोहरी गोळा केली, रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात भरली, आणि पुढच्या आठवड्यात परभणीच्या कृषी महाविद्यालयात नाव घातले. वसतिगृहात पहिल्याच महिन्यात कुणीतरी भिंतीवर स्पर्धेचे नियम लावले होते. त्यात लिहिले होते की, अशा स्थितीत डाव बरोबरीत सुटतो. मी ती ओळ वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि जेवायला गेलो. बाबांना तो नियम ठाऊक नसणार, ही समजूत मी त्याच जेवणात करून घेतली असावी. आणि एकदा ती करून घेतल्यावर तो जुना डाव मी कधी मांडला नाही. दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण निकिता परिचारिकेच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला गेली. मी तेव्हा वसतिगृहात होतो. तिनेही बाबांशी डाव मांडला असे माय फोनवर म्हणाली होती. ती जिंकली असेल, असे मी धरून चाललो. ती लहानपणापासून पटाशी उभी राहून खेळायची, बसायची नाही.

विश्लेषणाच्या त्या शून्यावरून बोट सरकवले की, फोनमध्ये दुसरे एक पान होते, आणि मी शनिवारच्या त्या दुपारी दोन्ही पानांत आलटून पालटून जात होतो. नागपूरच्या एका बीज परीक्षण केंद्रात माझी निवड झाली होती, कायमची. स्वीकार किंवा नकार सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता. न कळवल्यास नकार समजण्यात येणार होता. नकाराचा मजकूर मी दहा दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता: ‘कौटुंबिक कारणास्तव’. बाबांच्या खुब्याचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडले, ते आता काठीने चालतात, शेत बटईने दुसऱ्याला कसायला दिले आहे, मी दर रविवारी बसने जातो, गोळ्या नेतो, संध्याकाळच्या बसने परत येतो. नागपूरहून दर रविवारी येता येणार नाही. हे सर्व खरे होते. मी घरी यातले काहीही सांगितले नव्हते, आणि तरीही घराने नकार दिला आहे असे मला वाटत होते; बाबांचा चेहरा, मायचा चेहरा, दोघांची वाक्येसुद्धा मी मनात पुरी करून ठेवली होती. पुढची चाल दिसत असेल तर ती खेळायला लावण्यात काय अर्थ आहे? खालची ऑटोरिक्षा अखेर सुरू झाली. ती निघून गेल्यावर जी शांतता झाली तीत मला माझा हात दिसला, पटावरून पुढे केलेला, आणि सुकेशनीची ती क्षणभराची नजर. तिला भीती वाटत होती. मी शेवटचा हत्ती उचलीन या भीतीने एक माणूस माझ्यासमोर तीन मिनिटे घामेघूम झाले होते, आणि ते मला कळलेदेखील नव्हते.

रविवारी पोखर्णीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा नृसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्यांची थोडी गर्दी होती. मी कडेकडेने चालत घरी गेलो. माय दारातच शेंगा निवडत बसली होती.

“मागच्या इतवारी का आला न्हाईस?” ती म्हणाली. “तुझ्या बाबानं दोनदा फरशी पुसायला लावली मला. लेकरू यायलाय म्हणून.”

“डाव होते, माय. शहरात.”

“मंग? जिंकलास?”

“शेवटचा हरलो.”

“तर मग आज जेवायला उशीर,” ती सुपातल्या शेंगांना म्हणाली. “आता बसतेत बापलेक लाकडं हलवत.”

बाबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब केलेले, काठी शेजारी. पट आधीच पसरलेला होता. मी गोळ्यांची पिशवी कोनाड्यात ठेवली. “काळी व्हती का?” त्यांनी विचारले. मी मान हलवली. “कुणासंगं?”

“जिंतूरच्या एक मॅडम आहेत. गणिताच्या.”

“बाईमाणसानं हरिवलं व्हय,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टेपेक्षा कुतूहल अधिक होते. “दे कबुली.”

मी शेवटची स्थिती मांडली. बाबांनी सुपारी घेतली, आडकित्ता उघडला. रीत अशी की, मी आता मोहरी मागे न्यावीत. मागे नेण्याजोगी पुष्कळ घरे होती. एकतिसाव्या चालीला उंट चुकीचा मारला होता, सव्विसाव्याला प्यादे सोडले होते, त्यांपैकी कुठल्याही घरावर बोट ठेवले असते तरी ते खोटे ठरले नसते. कट्-कट् सुरू होते. मी उंट मारलेल्या घरावर बोट नेले आणि तिथून मागे घेतले. मग हत्ती उचलला आणि पांढऱ्या राजाच्या शेजारी ठेवला.

“शह,” मी म्हणालो. “हे मी खेळलो नाही. खेळलो असतो तर.”

बाबांनी पांढऱ्या राजाने हत्ती मारला आणि तो हाताशी ठेवून घेतला. “बरं. आता तुझी चाल.”

“चाल नाही.”

“कोंडला.”

“शह नाही, बाबा.”

“शह न्हाई,” त्यांनी मान्य केले. पटाकडे पाहत राहिले. आता हे वाक्य बोलायचे होते, बारा वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या भिंतीवर वाचलेले, आणि ते बोलल्यावर या माणसाचे काय होईल, त्याच्या जमादाराचे, या पटाचे, माझ्या त्या संध्याकाळचे काय होईल हे मला दिसत होते, म्हणजे दिसते असे वाटत होते. “स्पर्धेत याला बरोबरी धरतात,” मी म्हणालो. “कोंडला तो हरत नाही.”

आडकित्ता थांबला नाही. “ठाव हाय मला,” बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“निकीनं दाखविलं की. तिचा बी असाच कोंडला व्हता, ह्याच कोपऱ्यात. मी म्हणलं, हरलीस पोरी. तर म्हणली, कशी काय हरले? शाळेतून पुस्तक आणलं अन् माझ्या नाकाफुडं धरलं. जमादाराचा कायदा जमादाराला सांगा म्हणली.” ते हसले, आणि हसताना खुब्यावर हात गेला. “लय भांडली. दोन दिस जेवली न्हाई नीट. मग म्हणलं, जा बाई. तुझंच खरं.”

बाहेर मायच्या सुपात शेंगा खडखडत होत्या. पटाच्या तांबड्या चौकोनांत एका ठिकाणी शिवण उसवली होती. “मग मला का नाही सांगितलं?” मी विचारले. आवाज अगदी साधा आला, एखाद्या हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसा.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत माझ्या कल्पनेतले काहीही नव्हते, ना अपराध, ना विजय. कष्टाने उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो एक खटाटोप असतो तेवढा होता. “तुझा डाव झाला तवा मला बी ठाव नव्हतं,” ते म्हणाले. “मागून कळलं. तवर तू कालेजात बसलेला. मला वाटलं, ह्याला जायचंच नसंल. जायचं असतं तर भांडला असता. तू काय केलंस, हरी? सोंगट्या गोळा केल्या अन् डब्यात भरल्या. झाकण बी लावलंस.”

झाकण लावताना ते एका बाजूने दबलेले होते म्हणून मी ते पायाने दाबले होते. हे मला आत्ता आठवले, आणि त्याबरोबर ते उंबऱ्यातले ऊन, आणि बाबा तेव्हा लगेच उठून गेले नव्हते हे. ते बसूनच होते, माझी वाट पाहत असावेत तसे, आणि मी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. बारा वर्षे मी एका माणसाच्या नियमात अडकून होतो आणि त्या माणसाने तो नियम केव्हाच सोडून दिला होता. मला राग यायला हवा होता. आला तो इतका थोडा आणि इतका उशिरा की, कुणावर धरावा हे त्याला समजेना. फक्त त्या कोंडीची कडी माझ्याच बाजूला होती एवढे कळले, आणि हे कळणे सुखाचे नव्हते.

“कबुली राह्यली,” बाबा म्हणाले. “कुठं हरलास?”

मी बोट पटावर ठेवले नाही. उजवा हात पुढे केला, मंगल कार्यालयात केला होता तसा, पटावरून पलीकडे, उताणा. “इथं,” मी म्हणालो. “इथं हरलो.”

कट्-कट् थांबले. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिले. त्यांनी तो हातात घेतला नाही. थोड्या वेळाने त्यावर सुपारीचा एक तुकडा ठेवला.

“मांड,” ते म्हणाले.

मी मांडू लागलो. हाताला सवय अशी की, काळी मोहरी माझ्यापुढे येत गेली, हत्ती, घोडा, उंट, आणि पांढरी त्यांच्यापुढे. सगळी लागली. बाबा थांबले होते, आणि मीही, कारण पहिली चाल त्यांची. ते करीनात. त्यांचे लक्ष दाराकडे होते, की नव्हतेच कुठे. मला वाटले, आता ते म्हणतील, आज तू पांढरी घे. मी त्याची वाट पाहिली. मी वाट पाहतो आहे हे मला दिसले. खिशात फोनमध्ये ते दहा दिवसांपूर्वीचे वाक्य होते, पूर्णविराम दिलेले. कापडी पट असा मांडलेला फिरवता येत नाही; मोहरी काढावी लागतात, नाहीतर सगळे कलंडते. मी पुढे वाकून कापडाची समोरासमोरची दोन टोके चिमटीत धरली आणि फरशीवरून ओढू लागलो. पट इंचाइंचाने वळू लागला. दोन प्यादी आडवी झाली, एक घोडा घरंगळत काठीला लागला.

“हळू,” बाबा म्हणाले. “पडंल सगळं.”

मी हळू ओढले. थांब असे ते म्हणाले नाहीत. पांढरा राजा डुलत डुलत माझ्याकडे आला. मी पडलेली प्यादी उभी केली, घोडा जागेवर ठेवला, आणि मग पुष्कळ वेळ काहीच सुचेना. उत्तरे देता येत होती, पण समोर कुणी काही विचारलेले नव्हते. अखेर राजासमोरचे प्यादे उचलले आणि पुढे ठेवले.

“दोन घरं?” बाबांनी विचारले.

“दोन,” मी म्हणालो. “बाबा, मला नागपूरला नोकरी लागली. कायमची. मला जायचंय.”

सुपातल्या शेंगा वाजायच्या थांबल्या. बाबांनी काळ्या प्याद्यांवरून बोट फिरवले, एकावर थांबले, आणि ते उचलण्याआधी म्हणाले, “मोठ्यानं सांग. तुझी माय ऐकायलीय.”